मणगण्याचा द्रोण

त्या दिवशी रांधायची पाळी गौरेशची होती, आणि ह्याच दिवसासाठी त्याने ती पुडी सात महिने सांभाळली होती.

डिचोलीजवळच्या त्यांच्या वाड्यावर लईराई देवीचे सात भक्त, सात धोंड, व्रताला बसले होते. माडाच्या झावळ्यांचा मांडव, विहिरीवर अंघोळ, सगळ्यांची मिळून एक चूल. पाच दिवस घरचं पाणीसुद्धा चालत नाही. ज्याची पाळी, त्याच्या हातचं मुकाट जेवायचं आणि पानातलं टाकायचं नाही. आज जेवण झालं की सगळे शिरगावला निघणार, आणि मग होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालणार. ज्याचं सोवळं खरं, त्याला देवी पोळू देत नाही म्हणतात. जो पोळतो, त्याच्या पापाची चर्चा पुढच्या जत्रेपर्यंत चालते.

गौरेशला मधुकरबाब पोळायला हवा होता. नुसता पोळायला नव्हे, सगळ्या गावादेखत त्या निखाऱ्यांत आडवा पडायला हवा होता.

मधुकरबाबची बाजारात फार्मसी. गोड बोलणारा, कपाळाला गंध, दर वर्षी धोंड. दोन वर्षांपूर्वी खाणीच्या उतारावर गौरेशचा खनिजाने भरलेला टिपर ट्रक उलटला. गौरेशचा पाय चाकाखाली आणि जोडीचा गोपाळ मालाच्या ढिगाखाली. चार तास. गौरेश जिवंत आहे ना, हे विचारायला गोपाळ पहिले तीन तास हाका मारत होता, "गौरेश, आसस मरे?" चौथ्या तासाला त्याने विचारायचं सोडलं.

डॉक्टरने दुखण्यावर महिनाभराच्या कॅप्सूल लिहून दिल्या. महिना संपला, पाय बरा झाला, पण ती हाक काही थांबेना. कॅप्सूल घेतली की थांबायची. मग मधुकरबाब म्हणाला, "चिठ्ठी कशाला रे? आपला माणूस तू." दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. ह्या आपल्या माणसाने कधी एकदा तरी विचारावं, की बाबा रे, किती खातोस? नाव नको! गोपाळच्या वर्षश्राद्धाला गौरेश न्हाणीत थुंकीने बरबटून पडला होता. गोपाळच्या बायकोने, शेवंतीने, ते डोळ्यांनी पाहिलं.

पुढे हॉस्पिटलात हातपाय बांधून घेऊन तो त्यातून सुटला. आणि त्याच शेवंतीने ह्या वर्षी गोपाळचा बेत त्याच्या हातात दिला. रंगीत गोंड्यांची ती वेताची काठी. "भावजी, एवढा अग्नीतून पार न्या. मग मी समजेन, ते त्या ढिगाखालून सुटले."

कमरेच्या कनवटीला मात्र पुडी होती. शेवटच्या पाकिटातल्या कॅप्सूल फोडून केलेली. वैऱ्यासाठी राखून ठेवलीय, असं तो स्वतःला सांगायचा. त्यातली निम्मी कोणासाठी होती ते त्याचं त्यालाच ठाऊक!

चुलीवर मणगणं रटरटत होतं. चण्याची डाळ, गूळ, नारळाचा रस. एवढ्या गोडात कडू कोणाला लागणार? गौरेशने एक द्रोण वेगळा भरला आणि पुडी सोडली. चिमूटभर पूड बोटाला लागली. ते बोट ओठांपाशी कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. सात महिने झाले होते, तरी तोंडाला पाणी सुटलं. मेल्या जिभेला लाज नाही! त्याने बोट धोतराला खसाखसा पुसलं आणि उरलेली सगळी पूड द्रोणात ओतली.

तेवढ्यात मधुकरबाब अंघोळ करून ओलेत्यानेच चुलीपाशी आला.

"पाय दुखतो रे? लंगडतोस सकाळपासून." मग हळूच वाकून म्हणाला, "वाटेत त्रास झाला तर सांग. पाकिटं आणलीत मी झोळीतून. देवीला काय कळतंय?"

गौरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्तापर्यंत वाटत होतं, ह्याने आपलं काय केलं ते ह्याला बहुतेक समजलंच नसेल. समजलं होतं! सगळं समजून हा माणूस व्रतातसुद्धा दुकान मांडून बसला होता. असला माणूस निखाऱ्यांत पडला, तर देवीचा कोप म्हणून लोक हात जोडतील, आणि फार्मसी पुन्हा उघडेल. नाही. ह्याचं तोंडच ह्याच्यावर उलटलं पाहिजे.

पानं मांडली. भात, भाज्यांचं खतखतं, मणगणं. सगळे बसले. थोरले धोंड कृष्णनाथकाका पहिला घास उचलणार, एवढ्यात गौरेश तो द्रोण घेऊन मधुकरबाबसमोर उभा राहिला.

"मधुकरबाब, ह्यात तुमच्या फार्मसीतल्या कॅप्सूल आहेत. एका दिवसाला मी खायचो तेवढ्या. पानातलं टाकायचं नाही. खा."

काकांनी घास परत पानात ठेवला.

"वेड लागलंय तुला?" मधुकरबाब मागे सरकला. "मारतोस की काय मला! विष आहे ते, विष!"

"मला तर औषध म्हणून दिलंत. सव्वा वर्ष. चिठ्ठीशिवाय. आणि आत्ता चुलीपाशी पुन्हा देत होतात. काका, बघा ह्यांची झोळी."

कृष्णनाथकाकांनी झोळी उलटी केली. मोगऱ्याची माळ, कापूर, आणि चकचकीत पाकिटं. एक, दोन, पाच.

"बेत ठेव, मधुकर," काका म्हणाले. मग गौरेशकडे वळले. "आणि तूही ठेव. देवीच्या चुलीवर तू विष कालवलंस. आधी कालवलंस, मग बोललास."

ते खरंच होतं. गौरेशच्या डोळ्यांसमोर शेवंती आली, आणि त्याला रडू फुटलं. "काका, हा माझा नाही. हा गोपाळचा आहे."

काकांनी त्या गोंड्यांवरून हात फिरवला. "गोपाळने काय वाईट केलंय? आण इकडे. मी नेतो."

दुपार कलायच्या आत पाच धोंड निघाले. काकांच्या हातात दोन बेत होते. "आसस मरे?" कानात हाक आलीच. "आसां," गौरेश पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाला.

मांडवात दोघेच उरले. पाकिटं जमिनीवर तशीच पडली होती आणि गौरेशचा पाय ठणकत होता. तो मधुकरबाबच्या अगदी समोर मांडी घालून बसला. मधुकरबाबला मान वर करता येत नव्हती. रस्त्याने शिरगावला निघालेली माणसं मांडवाशी थांबत, आत वाकून बघत आणि विचारत, "हे दोघे का राहिले?"

"सांगा, मधुकरबाब," गौरेश दर वेळी म्हणे. "विचारतायत ते."