अण्णांनी पाहिलेलं कॉलेज

अण्णांनी आधी नळ सोडला. पाणी आलं. मग दुसरा, मग तिसरा. ओळीने सगळ्या बेसिनांचे नळ सोडून बंद केले, तेव्हा आम्हाला कॉलेज दाखवणारे क्लार्क राधाकिशन म्हणाले, "पाव्हणे, पोरीला शिकवायला आलात का नळ दुरुस्तीला?"

"बिल्डिंग कुनीबी बघतंय, सायेब. आमी नळ बघतो."

माझे वडील बीडच्या एका जुन्या कॉलेजात केमिस्ट्रीचे लॅब अटेंडंट होते. बावीस वर्षं. शिकवायचे प्रोफेसर, पण अॅसिड पातळ करायचं, ब्युरेटी म्हणजे मापाच्या काचनळ्या धुवायच्या, फुटलेल्या काचेवरून बोलणी खायची, ते अण्णांनी. घरात, बाजारात, पाहुण्यारावळ्यांत त्यांना कुणी काही विचारत नसे. लॅब मात्र त्यांचा विषय होता. म्हणून मला डी. फार्मसीला कुठे घालायचं हे ते स्वतः बघून ठरवणार होते.

ते साल चौऱ्याण्णव. ज्याच्याकडे चार एकर माळ आणि ओळखीचा एक आमदार, तो उठून शिक्षणसंस्था काढत होता. मला दोन ठिकाणी मिळत होतं. एक लातूरला आणि एक हे, माजलगाव रोडवरचं, तिसऱ्या वर्षात आलेलं. लातूरचं आम्ही आठ दिवस आधी पाहिलं होतं. तिथे सगळं कोरं करकरीत. बाटल्यांची लेबलं पांढरी, ब्युरेटींवरचे आकडे ठळक. अण्णांनी नाक मुरडलं होतं. "ही शोभेची लॅब हाय. कामाची वस्तू झिजलेली असती."

इथे झिजलेलं होतं. बीकरच्या काठांना टवके, बाटल्यांची लेबलं तपकिरी पडून गळायला आलेली, तराजूच्या पेटीचं पॉलिश हात लागतो तिथे उडालेलं. अण्णा एकेक वस्तू खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. मला लाज वाटत होती. पण इतके खूश झालेले अण्णा मी कधी पाहिले नव्हते, म्हणून त्यांच्या मागून फिरत राहिले.

"दोन वर्सात एवढं झिजलं म्हंजी पोरं राबवून घेतेत," ते मला हळूच म्हणाले. "हितंच."

घरी आई म्हणाली, "लातूरला माझी भईन हाय. पोरीच्या राहायची सोय झाली असती."

"तुला लॅबमदलं काय कळतंय?" अण्णा म्हणाले. विषय संपला.

कॉलेज सुरू झालं आणि लॅबला कुलूप लागलेलं ते लागलेलंच. सप्टेंबरात एकदा उघडली. आत टेबलं होती आणि बेसिनं होती. बाकी काही नाही. वरच्या वर्गातल्या सत्यशीलाने मला सगळं सांगितलं आणि सांगताना ती हसत होती. आम्ही बघायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्यतेची कमिटी यायची होती. सामान दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका जुन्या कॉलेजातून मागवून मांडलं होतं. नळांना पाणी टँकरचं होतं.

शनिवारी घरी जाऊन मी ते अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतले, मग बोलले.

"टेबलं. टेबलं बघायची राहिली. अॅसिडच्या बाटलीखाली काळा डाग पडतो, घासून निघत न्हाई. तितल्या टेबलावर एकबी डाग नव्हता."

"आता सांगून काय उपेग हाय, अण्णा?"

लातूरचे प्रवेश बंद झाले होते. टी.सी. आणि मार्कांचा मेमो या कॉलेजच्या कपाटात, ते दोन वर्षं पुरी केल्याशिवाय सुटणार नव्हते. त्या वर्षी मी अण्णांना लागेल असं पुष्कळ बोलले. आईने लातूरचं नाव पुन्हा काढलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं असावं. प्रॅक्टिकल असं नव्हतंच. मागच्या बॅचच्या वह्या घ्यायच्या आणि रीडिंग उतरवायचं, बस्स.

जानेवारीत पुन्हा कमिटी आली. या वेळी बाहेरच्या जिल्ह्यातलं सामान मिळालं नाही. पण आमच्या अध्यक्षांचे व्याही म्हणजे अण्णांच्या कॉलेजचे अध्यक्ष. सकाळी टेम्पो आला आणि त्यातून खाकी कपड्यांतले अण्णा उतरले.

त्यांनी मला पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

दोन तासांत त्यांनी लॅब उभी केली. बाटल्या ओळीत, ब्युरेटी स्टँडला, तराजू खिडकीशी. बावीस वर्षांचा हात होता तो, कुठे अडला नाही. राधाकिशन त्यांना म्हणाले, "कुनी इचारलं तर हितलेच म्हनून सांगा." कमिटीतल्या एका साहेबांनी विचारलंच, "किती वर्षं आहात इथं?"

"पयल्यापासून," अण्णा म्हणाले. आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्याच कॉलेजसाठी.

कमिटी जेवायला गेली. पोरी पांगल्या. मी दाराशी होते. अण्णांनी कोपऱ्यातल्या टेबलावर एका ब्युरेटीत अल्कली भरली, फ्लास्कमध्ये अॅसिड घेतलं, वर इंडिकेटरचे दोन थेंब टाकले, खाली पांढरा कागद सरकवला.

"ईश्वरी, ये."

मी गेले.

"डाव्या हातानं ही खालची चावी, कॉक धर. असा नव्हं, मागून. उजव्यानं फ्लास्क हालव. डोळा रेगंच्या बरुबर ठेव."

मी कॉक मागून धरला. त्यांनी माझा हात धरला नाही, फक्त शेजारी उभे राहिले. थेंब पडला की फ्लास्कमध्ये गुलाबी रंग यायचा आणि हलवला की जायचा. वहीत हे मी वीस वेळा लिहिलं होतं. तो असा येतो आणि असा जातो हे मला माहीत नव्हतं.

"आता लई सावकाश. जवळ आलंय. रंग टिकला की थांबायचं, तेच खरं रीडिंग."

"अहो, आवरा!" दारातून राधाकिशन ओरडले. "कमिटी जेवून परस्पर गेली. टेम्पोवाला बोंबलायलाय. परत भाडं हाय त्याला."

"पाच मिन्टं द्या, सायेब."

"एक मिन्ट न्हाई. तुमच्या अध्यक्षांचा फोन आलाय, समदं मोजून उजेडात पोचलं पायजे."

रंग आता जरा जास्त वेळ टिकत होता. अण्णांनी फ्लास्ककडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग माझ्या बोटांवरून हात नेऊन कॉक बंद केला.

"ऱ्हाऊ दे."

फ्लास्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला. ब्युरेट खळबळून धुतली, फडक्यात गुंडाळली, भुशाच्या पेटाऱ्यात आडवी ठेवली. तासाभरात लॅब पहिल्यासारखी मोकळी झाली. मी पेटाऱ्याची एक बाजू धरून टेम्पोपर्यंत गेले. सगळ्या पोरी बघत होत्या.

"रीडिंग किती झालतं?" अण्णांनी विचारलं.

"सोळा पॉइंट चार."

"रंग टिकला नव्हता."

"न्हाई."

"मंग ते वहीत लिहू नको," अण्णा म्हणाले, आणि काचा फुटू नयेत म्हणून टेम्पोत मागे, पेटाऱ्याला हात लावून बसले.