सूरपाटीवरचा वाढदिवस

समुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या देशात भाऊ भावावर तोफा डागीत होता. त्या कलहाच्या योगाने वऱ्हाडच्या कापसाला असा मान आला, की फाल्गुन लागला तरी अमरावतीच्या वाटेवरील गाड्यांची रांग तुटत नव्हती. त्या समृद्धीच्या दिवसांत व्यापाऱ्यांना खेळांचा मोठा शौक जडला. अमरावती आणि अकोला यांचा आट्यापाट्यांचा सामना त्यांनीच फाल्गुन शुद्ध दशमीस नेमला.

अकोल्याची सूर राखणारा खुशालराव हिवरखेडचा. आट्यापाट्यांत प्रत्येक आडव्या पाटीवर एक रक्षक उभा असतो. त्या सर्व पाट्यांना मधोमध छेदून जाणारी उभी रेघ ती सूर. तिचा राखणदार या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, आणि त्याचा हात लागला की पलीकडे जाऊ पाहणारा गडी बाद. एका तपात अमरावतीच्या गयासुद्दीन रंगाऱ्याला खुशालरावाच्या हातून सुटून जाणे साधले नव्हते. आता खुशालरावाचा गुडघा सुजू लागला होता. हा आपला शेवटचा सामना, आणि सूर अभंग ठेवूनच पटांगण सोडायचे, असा त्याने निश्चय केला होता.

परंतु तीच दशमी त्याची जन्मतिथी होती. त्याची आई माणिकबाई. तिची आधीची लेकरे पाळण्यातच गेली. खुशालराव जगला तेव्हा त्या माउलीने व्रत घेतले: दरसाल जन्मतिथीस चिरंजीव मार्कंडेयांचे पूजन करावे, तीळगूळ घातलेले दूध लेकाने प्यावे, आणि शास्त्राने त्या दिवशी वर्ज्य सांगितलेला प्रवास व कलह त्याच्या हातून घडू नये.

"त्या दिशी गाडी जुपू नको, एवढंच मी सांगून राहिली," माणिकबाई म्हणाली.

"मंग आधीच निघू ना माय. अकोल्याले मावशीच्या घरी मुक्काम, अन् नवमीले अमरावतीत."

"अन् पूजा कोन मांडन? तो गयासुद्दीन?"

"तूच मांड. तू बी चाल."

"अन् भांडन?"

"नाही भांडत."

"तू? आट्यापाट्यात? अन् भांडत नाहीस?" ती खळखळून हसली, पण हसता हसताच पूजेच्या सुपाऱ्या पदरात बांधू लागली.

तिची शंका निराधार नव्हती. हात लागला की नाही असा वाद उभा राहिला, म्हणजे दोन्ही गड्यांनी पंचासमोर भांडायचे, आणि जो शेवटपर्यंत हटणार नाही त्याच्या बाजूने निकाल, अशी त्या खेळाची जुनी रीत होती. खुशालरावाचे पाय जितके प्रसिद्ध, तितकाच त्याचा कंठही.

दशमीस प्रातःकाळी धर्मशाळेत पूजन झाले. दुपारी कापसाच्या गाड्यांच्या तळावर पाट्या आखल्या गेल्या. गयासुद्दीन लुंगी खोचून पुढे आला.

"काय पाटील, मायले घेऊन आले? हरल्यावर डोये पुसाले?"

"तू बाद झाला का तुले पानी पाजाले आनली."

सारे पटांगण हसले. खेळ रंगला. अखेरच्या डावात गयासुद्दीन एकेक पाटी चुकवीत आला, सुरेपाशी क्षणभर थबकला, डावीकडे झुकला आणि उजवीकडून निसटला. खुशालरावाने सुजल्या गुडघ्यावर झेप घेतली. त्याची बोटे पाठीला ओझरती लागली, निदान त्याला तरी तसे वाटले.

"नाही लागला!" गयासुद्दीन ओरडला.

पंच नत्थुजी उठून उभे राहिले. सर्वांनी खुशालरावाकडे पाहिले.

"बोल ना बे!" अकोल्याचे गडी कळवळले. "मुका झाला का?"

खुशालरावाच्या मानेच्या शिरा फुगल्या. बायकांच्या घोळक्यात माणिकबाई डोळे मिटून उभी होती. त्याने ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

नत्थुजी गोंधळले. भांडणावाचून निकाल देण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. "एकच बोलून राहिला," ते शेवटी म्हणाले. "मंग सुटला म्हना."

अमरावतीने सामना जिंकला. सूर मोडली.

परतीचा प्रवास त्या दिवशी निषिद्धच होता. दिवेलागणीस खुशालराव धर्मशाळेच्या ओट्यावर गुडघा शेकत बसला असता गयासुद्दीन आला.

"पाटील, तुमी काहून नाही बोलले? घरी बायकोनं, बिल्कीसनं, इचारलं, सच्ची सुटले का? म्हनून इकडं आलो. लागला होता का हात?"

"आज नाही सांगत. माया वाढदिवस हाय."

"तं?"

"तं भांडन मना हाय. उद्या सूर्य उगवला का ये. मंग सांगतो. चांगलं सांगतो!"

"येजो रे बाप्पा," आतून माणिकबाई म्हणाली. "दिवसभर दाबून ठेवलं त्यानं. फुटून मरन पोरगा."

एकादशीच्या सूर्योदयाला तळावर असा कलह माजला, की जुंपलेले बैल बिचकले. लागला! नाही लागला! खोटारडा! आंधळा! गाडीवान भोवती जमले. नत्थुजी डोळे चोळत आले आणि एका गाडीच्या जुवावर बसले. दोघांचेही आवाज बसले, पण एकही हटेना.

"तोंडानं नाही मिटत हे," खुशालराव घोगऱ्या स्वराने म्हणाला. त्याने घागर उचलली आणि पुसट झालेल्या सुरेवर पाण्याची धार धरून रेघ पुन्हा उमटवली. "जाय. पहिल्या पाटीवरून ये."

"अन् तुमचा गुडघा?"

"गुडघा माया हाय. तू ये."

गयासुद्दीन आला. तोच झोक, तीच हूल. खुशालराव या वेळी हुलीला भुलला नाही. दुखरा पाय रोवून तो उजवीकडे वळला, आणि त्याच्या तळव्याची थाप गयासुद्दीनच्या पाठीवर अशी बसली, की कापसाच्या गठ्ठ्यांवर निजलेला गाडीवानही दचकून उठला.

"हा लागला," पाठ चोळत गयासुद्दीन म्हणाला. "पन कालचा?"

नत्थुजींनी मान वर केली.

खुशालरावाने श्वास सावरला. "कालचा डाव तुया. माया मिटल्या तोंडानंच गेला तो. आजचा माया." मग तो लंगडत सुरेवर परतला, वाकून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. "चाल, अजून एक डाव ये. गाडी जुपाले येळ हाय."