चढाचे वेगळे पैसे

पत्रीपुलाच्या चढावर रचनाची गाडी दोन हात मागे गेली आणि मागच्या टेम्पोवाल्याने अख्ख्या कल्याणला ऐकू जाईल असा हॉर्न मारला. वर्तकनगरला घरी येताच तिने चावी टेबलावर ठेवली. "मी नाही चालवणार आता."

चढावर गाडी आपोआप धरून ठेवायची सोय तिच्या गाडीत होती. वर्षभर चालली, मग फुकटाची मुदत संपली आणि कंपनीने ती बंद केली. शोरूमवाले म्हणाले, "मॅडम, सगळं गाडीतच आहे. फक्त अनलॉक करायचे पैसे भरा." घर आपलं, जिना आपला, आणि वर चढायला बिल्डरला भाडं. चोर ते चोर, वर शिरजोर, दुसरं काय.

तिचा नवरा रत्नदीप पैसे भरायला तयार होता. "नको रे, पुढच्या वर्षी परत मागतील," ती म्हणाली. पण नोकरी सोडून तिने घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायचं काम नुकतंच घेतलेलं, सोमवारी कल्याणला पहिली पेशंट. गाडी नाही तर काम नाही. या विचाराने तिला रडूच आलं.

सासरे कुंडलिक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. शनिवारी सकाळी ते तिला येऊरच्या चढावर घेऊन गेले. मागच्या चाकाला लागून त्यांनी एक काडेपेटी ठेवली.

"आमच्या उस्तादाने असंच शिकवलेलं. पेटी चेपली की नापास. हँडब्रेक ओढ. क्लच हळू सोड. पुढून गाडी उचलल्यासारखी वाटली की मगच हँडब्रेक खाली."

पहिली पेटी चेपली. दुसरी, तिसरीही. कुंडलिकांनी अख्खा पुडाच आणलेला; म्हाताऱ्याला सुनेची पुरती खात्री होती म्हणायची. सातवी मात्र उभीच्या उभी राहिली. रचना खाली उतरून तिच्याकडे बघतच राहिली.

सोमवारी पत्रीपुलावर भर चढाला ट्रॅफिक थांबला. स्क्रीनवर पैसे भरा म्हणून निरोप आला. रचनाने तो बाजूला सारला, हँडब्रेक ओढला, आणि वाट मोकळी झाल्यावर गाडी तसूभरही मागे न जाता वर निघाली.

पेशंटच्या दारातून तिने फोन लावला. "बाबा, पोचले. संध्याकाळी तुम्हाला फिरवून आणते. जन्मभर लोकांना नेलंत, आज मागे आरामात बसा."



"पुढेच बसतो गं," कुंडलिक म्हणाले. "मागे बसलो की मला गाडी लागते."