चौसष्ट ठोके

माझ्या धाकट्या जावेबद्दल मला सगळ्यात जास्त काय खटकतं म्हणाल, तर ती चांगली आहे. वाईट असती तर निदान उघड भांडता तरी आलं असतं.

आठ वर्षं मी एकाच दिवसाची तयारी करत होते. एक घोडा, एक दिवस, शंभर मैलांची शर्यत. मी खोगिरं शिवते. लोकांची शिवता शिवता एक स्वतःच्या मापाचं शिवलं. घोडा शिंगरू असल्यापासून वाढवला. त्याचं नाव शहाणा, आणि तो मुळीच शहाणा नाही. मग गेल्या वर्षी तबेल्याच्या ओल्या फरशीवर पडले. घोड्यावरून नव्हे हो, बादली घेऊन चालताना! खुब्यात धातूची पट्टी बसली आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, तासाभरापेक्षा जास्त खोगिरावर बसायचं नाही.

"मग धाकटी जाईल की," सासूबाई म्हणाल्या, कोपऱ्यावरून दूध आणायला कोणाला तरी पाठवावं तशा.

धाकटीला घोड्यावर बसायला लागून तीन वर्षं झाली होती, आणि शिकवलं होतं मीच. माझं खोगीर तिला बेतल्यासारखं बसलं. कुठे काही सैल करावं लागेल, म्हणून मी सुई-दोरा घेऊनच उभी होते. एक टाका उसवावा लागला नाही.

"ताई, तुमच्या हातात काय जादू आहे हो!" ती वरून म्हणाली. आयत्या बिळावरचा नागोबा इतका गोड बोलतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वर्षभर मी तिच्याकडून सराव करून घेतला. ती चाळीस-पन्नास किलोमीटर करून यायची. तोंडावर धूळ, डोळे चमकत असायचे. मी घड्याळ घेऊन फाटकात. आली की शहाण्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे डॉक्टरी नळी लावून मी काळजाचे ठोके मोजायचे आणि लगेच त्याला गाजर द्यायचे. हे काम मी कोणाला करू दिलं नाही.

"आज मी देऊ का गाजर?" तिने एकदा विचारलं.

"तू जाऊन तोंड धू," मी म्हटलं. घोडा, खोगीर, स्वप्न सगळं तुला दिलं. गाजर माझं.

शंभर मैलांच्या शर्यतीत नाव घालायचं तर आधी ऐंशी किलोमीटरची चाचणी पास व्हावी लागते. नुसतं पोचून भागत नाही. पोचल्यापासून वीस मिनिटांत घोड्याचे ठोके मिनिटाला चौसष्टवर उतरावे लागतात, नाहीतर घोडा बाद. तपासायला दोनच संधी.

चाचणीच्या दिवशी धाकटी वेळेच्या आधी आली. शहाणा ताजातवाना. मी त्याच्या मानेवर पाणी ओतलं आणि घोडे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावली.

"बहात्तर."

आम्ही पुन्हा पाणी ओतलं, त्याला सावलीत नेलं. तो माझ्या खिशाला नाक घासत राहिला. धाकटी सारखी घड्याळ बघत होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. तुझ्या हाताखाली नाही ना उतरत, असं मनात आलं, आणि आल्याची लाजही वाटली नाही.

सहा मिनिटं उरली असताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ठोके मोजल्यावर याला काही खायला देता का?"

"गाजर."

"कोण देतं?"

मी पाण्याची बादली उचलली.

"ताई देतात," धाकटी म्हणाली. "रोज."

"मग यांना बघूनच त्याचं काळीज उड्या मारतंय. दमलेला नाहीये तो. बाई, तुम्ही जरा दिसेनाशा व्हा."

वर्षभर हट्टाने मीच हे शिकवलं होतं त्याला. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. ती 'जा' म्हणाली नाही. म्हणाली असती तर कदाचित मी गेलेच नसते.

मी लंगडत घोड्यांच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले. शहाणा एकदा खिंकाळला. मी डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हटलं, उतरू नकोस. माझ्याशिवाय उतरू नकोस रे.

"अठ्ठावन्न!"

टाळ्या वाजल्या. धाकटी धावत आली आणि गळ्यात पडून रडायला लागली. "ताई, तुम्ही गेलात म्हणून झालं हो!"

आभारच मानत होती बिचारी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कारण ती घामाने भिजली होती आणि थंडी वाजून आजारी पडली असती तर पुढचं सगळं बोंबललं असतं.

"शंभर मैलांत असे पाच थांबे असतात," मी म्हटलं. "त्या दिवशी मी येत नाही."

"असं कसं, ताई! तुमच्याशिवाय कसं होईल?"

"होईल."

"नको ना, ताई. तुम्ही हव्यातच."

"नाही येत म्हटलं ना."

तिने डोळे पुसले, वळून घोड्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा तिने आग्रह केला नाही.