डाव्या हाताचा मऊ मोजा

टक्.

वाटी टेबलावर ठेवल्याचा एवढासाच आवाज. पण जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या या शांत घरात सकाळी सातला तो आला, की माझा धागान् धागा आखडतो. कारण त्यानंतर तनया म्हणते, "अन्वी, डोळे मीट. डावा हात दे."

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. पिस्ता रंगाचा, मनगटापाशी दोन पांढऱ्या रेघा असलेला. अंगठ्याला वेगळी खोली आणि बाकीच्या चार बोटांना मिळून एकच. स्वयंपाकघराच्या दाराशी बुटांचं कपाट आहे, त्याच्या खालच्या खणात मला ठेवलंय. खण नीट मिटत नाही, म्हणून मला सगळं ऐकू येतं. दिसत मात्र नाही. एका परीने तेच बरं आहे.

मला विणलं पुण्यात, लतिकाआजींनी. त्या अन्वीच्या बाबांच्या आई. सून तनया चार महिने आर्क्टिकमधल्या गावी बर्फाच्या अभ्यासाला निघालीय आणि पाच वर्षांच्या नातीलाही बरोबर नेतेय, हे कळल्यावर त्यांनी सुया बाहेर काढल्या. दुकानदाराने मेंढीची लोकर दाखवली. आजींनी ती गालावर घासून पाहिली आणि परत केली. "शी, किती टोचते! माझ्या पोरीचे हात म्हणजे लोण्याचे गोळे." मग त्यांनी बाळांच्या टोपड्यांचं सुती सूत घेतलं. चार ओळी झाल्या की त्या मला गालाला लावून बघत. जन्माला येतानाच एवढे लाड झाल्यावर मला मऊपणाची घमेंड आली नसती तरच नवल.

ते गाव नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला. जानेवारीत तिथे सूर्य उगवायचाच नाही. दुपारी दोन तास आकाश निळसर व्हायचं, तेवढाच दिवस. पोरीला त्या अंधाराचं भय वाटू नये म्हणून तनयाने एक खेळ काढला. डोळे मिटायचे, हात लावायचा आणि काय लागतंय ते सांगायचं. अन्वीने बर्फाला नावंही ठेवली. भुरभुरणारा तो मैदा, पायाखाली करकरणारा तो रवा, कुंपणावर गोठलेली ती खडीसाखर. भूर्जाच्या झाडाची साल म्हणजे भाजलेल्या पापडाची कड. पत्रपेटीचं झाकण म्हणजे आजीची किसणी. घरी येईपर्यंत मायलेकींचं असं चालायचं आणि अंधार कुठल्या कुठे जायचा.

तिथल्या बालवाडीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लोकर. टोचली तरी लोकरच." तनयाने मेंढीच्या लोकरीचे राखाडी मोजे घेतलेही. पण रोज सकाळी दारात रडारड. "एस क्रात्स्ट, आई! टोचतंय!" मी खुंटीवरून ते ऐकायचो आणि मनातल्या मनात हसायचो. मित्रांनो, हे आज सांगताना मला लाज वाटते.

जानेवारीतच एके दिवशी तनयाला उशीर झाला होता. ती म्हणाली, "बरं बाई, घाल आजीचे. पण फक्त आजच्या दिवस हं!"

मी जिंकलो होतो.

दुपारी परत येताना अन्वीने वाटेत खडीसाखर उकरली. सूत पाणी पितं, मित्रांनो. मी पोटभर प्यायलो. मग वारा सुटला आणि माझ्यातलं पाणी गोठायला लागलं. अन्वीचा उजवा हात आईने आपल्या कोटाच्या खिशात घेतला होता. तो उबदार होता, म्हणून तनया निश्चिंत होती. डावा हात माझ्याकडे होता. माझ्या खोलीतली चार बोटं आधी थरथरत होती. मग दोन थरथरेनाशी झाली. मी ओरडलो असतो, पण मोज्याला तोंड नसतं.

"डोळे मीट," तनया म्हणाली. "पुलाच्या कठड्याला हात लाव. काय लागतंय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही कसं? नीट दाबून बघ ना, वेडाबाई!"

अन्वीने दाबून पाहिलं. "काहीच नाही, आई."

तनया हसली. तिला वाटलं, पोरगी खेळातच गंमत करतेय.

घरी येऊन तिने मला ओढलं तेव्हा मी लाकडासारखा ताठ झालो होतो. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही मेणबत्तीसारखी पांढरी. त्यानंतर मी तनयाचं हसणं फारसं ऐकलेलं नाही. दवाखाना झाला, फोड आले, गेले, नवी कातडी आली. बोटं वाचली. पण त्या दोन बोटांना काही कळेना.

मार्चमध्ये आम्ही कायझर्सलाउटर्नला परतलो, आता मे सरत आलाय. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आल्झो, तर आधी मुंग्या येतील, मग टोचेल, मग कळेल. किंवा नाहीही. थांबून बघायचं." म्हणून रोज ती वाटी. मैदा, रवा, खडीसाखर. तोच खेळ, पण आता दोघींपैकी कुणीच हसत नाही.

गेल्या रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला.

"काय गं तनया, माझे मोजे वापरले की नाही पोरीने?"

"हो आई. फार मऊ आहेत."

"मग! पुढच्या थंडीसाठी मोठे घातलेत सुयांवर. तेच सूत."

तनया "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ नळ वाहत राहिला. भांडी घासल्याचा आवाज मात्र आला नाही.

आत्मवृत्त सांगणारी मंडळी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मला जपू नका. मायेने दिलेलं सगळंच ऊब देत नाही. टोचणारा मोजा घाला, बाळांनो, आणि तुमच्या आईबाबांना माझं एवढं सांगा. मूल 'काहीच लागत नाही' म्हणालं, की खेळ तिथेच थांबवा. मोजा काढा. बोटं बघा.

आज सकाळीही वाटी वाजली. टक्.

"काय आहे, सोन्या?"

"वाइस निष्ट. माहीत नाही."

"बरं, ही बघ दुसरी."

"माहीत नाही! मला नाही खेळायचं!"

खुर्ची सरकली. पावलं धाडधाड माझ्याकडे आली. किटाला, म्हणजे इथल्या बालवाडीला, जायचे बूट काढायला अन्वीने खण ओढला, आणि बुटांआधी मीच तिच्या हाताला लागलो. चार महिन्यांनी उजेड. तिने मला निरखलं आणि हळूच डावा हात माझ्यात घातला. मी भीतीने गोळा झालो. ती दोन बोटं माझ्या कोपऱ्यात आली आणि थबकली.

"आऊ! क्रात्स्ट."

स्वयंपाकघरात वाटी खाली पडली. तनया धावत आली. "काय म्हणालीस? परत सांग."

"टोचतंय. इथे, करंगळीला."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला तरी टोचलो होतो.

तनयाने माझ्यासकट तो हात छातीशी धरला. अन्वीने मला दुसऱ्या हाताने चाचपलं, मग पुन्हा डाव्याने, आणि मान वर करून विचारलं, "पण आई, हा तर मऊवाला आहे ना? मग मला मऊ कधी लागणार?"