तिसऱ्या किल्लीचे पंधरा दिवस

मित्रांनो, एका पत्राला वेळेवर उत्तर जायचे जवळजवळ राहूनच गेले होते. ते आठवले की माझ्या पितळेला अजून घाम फुटतो.

मी एक जुनी किल्ली आहे, तीन बहिणींतली धाकटी. कारागिराने आम्हाला एकाच दिवशी घडवले, पण दाते मुद्दाम वेगवेगळे कापले. एका लोखंडी पेटीला तीन कुलपे आणि आत राज्याची मुद्रा. ती उमटल्याशिवाय कोणताही कायदा लागू होत नसे. थोरली किल्ली कायदे करणाऱ्या सभेच्या अध्यक्षांकडे, मधली राज्य चालवणाऱ्या प्रमुखांकडे. मी न्यायाधीशांकडे. कायदा राज्यघटनेला धरून आहे की नाही, हे ते तपासत आणि मगच मला बाहेर काढत. सुरुवातीला माझे कौतुक झाले. पुढे लोक म्हणू लागले, "ही धाकटी फार अडवते."

मग प्रमुखांच्या कार्यालयातून पत्र आले. 'तीन ठिकाणी फिरण्यात वेळ जातो. आपली किल्ली आमच्याकडे जमा करावी. पंधरा दिवसांत टपालाने हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल.' थोरली आधीच तिकडे जमा झाली होती.

न्यायाधीशांनी पत्र टेबलावर ठेवले आणि वर मला ठेवले. माणूस भिडस्त, पुस्तकात बुडालेला. रोज 'महोदय' लिहायचे आणि कागद फाडायचे. "आपलंच चुकत असेल तर?" असे पुटपुटायचे.

टोपली भरलेली पाहून त्यांची अक्का वैतागली. "अरे, न्यायाधीश आहेस की रद्दीवाला? गप्प बसलास, तर तुझा होकार ते स्वतःच लिहून घेतील!"

पंधराव्या दिवशी दुपारी चारला प्रमुखांचे सचिव आले. कोपऱ्यावरची टपालपेटी पाचला रिकामी होत असे.

"उत्तर नाही, म्हणजे होच ना, साहेब?" त्यांनी हसून मला उचलले. त्यांची मूठ मिटली. मला काळोख दिसला. "प्रमुख देवमाणूस आहेत हो."

"आहेत ना," न्यायाधीश म्हणाले. "पण त्यांच्यानंतर कोण येईल, मला ठाऊक नाही. त्याला तिन्ही किल्ल्या आयत्या मिळतील."

"म्हणजे तुम्ही तेवढे शहाणे?"

"छे हो! माझं चुकेल, ही धास्ती मला रोज असते. घटना लिहिणाऱ्यांनाही असणार. म्हणून तर त्यांनी एकाच्या हाती एकच किल्ली दिली. ठेवा ती खाली."

बराच वेळ मूठ उघडली नाही. मग मी टेबलावर वाजले.

सचिव गेले. न्यायाधीशांनी तीन ओळी लिहिल्या आणि या वेळी फाडल्या नाहीत. अक्काने पाकीट चिकटवले. "पळ आता, पाच वाजायला आले!"

मित्रांनो, मला घासून लखलखीत ठेवू नका. काळी पडले तरी चालेल. फक्त आम्हा तिघी बहिणींना एका खिशात राहू देऊ नका.

त्या दिवशी मी मात्र एकटीच एका म्हाताऱ्या खिशात धडधडत होते. टपालवाला पेटीला कुलूप लावत होता. "थांबा!" न्यायाधीश ओरडले. इतक्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. टपालवाल्याने झोळी उघडली आणि पाकीट आत पडले.