डंकाचा अर्धा नियम

कोल्हापुरात चटणीची पाकिटं दुकानात मिळतात, पण ती आणणाऱ्या बाईकडे शेजारणी जरा कीव केल्यासारखं बघतात. चटणी म्हणजे घरचं तिखट. मिरची आपण निवडून वाळवायची, कांदा-लसूण-खोबरं आपण भाजायचं आणि डबे भरून डंकावर न्यायचं. तिथं विजेवर चालणारी मुसळं धाडधाड पडत असतात, गल्लीच्या तोंडापासूनच शिंका सुरू होतात. आणि प्रत्येक घराचं माप वेगळं. बेडगी मिरची किती, संकेश्वरी किती, धणे किती, यावरून जावाजावांत अबोला धरलेली घरं या गावात आहेत.

मंगळवार पेठेतल्या अक्कांच्या डंकावर मात्र माप कुणाला सांगावं लागत नसे. अक्कांना सगळ्यांचं तोंडपाठ. "सरनाईकांची व्हय तू? लवंग कमी घाल की गं, तुझ्या सासऱ्याला पित्त हाय," असं त्या भर गर्दीत ओरडून सांगत आणि सरनाईकांच्या सुनेला लाजून मान खाली घालावी लागे.

अक्कांची सून संयोगिता. लग्न करून पुण्या-बंगळूरला गेलेल्या पोरी दर उन्हाळ्यात फोनवर हळहळायच्या, "वहिनी, आमच्या आईच्या मापाची चटणी इकडं कुठली मिळायला?" त्यातून तिला वेबसाइट सुचली. गिऱ्हाइकानं नाव घालायचं, 'आमच्या घरचं माप' यावर बोट दाबायचं. डंकावर त्याच मापानं चटणी कांडली जायची आणि कुरिअरनं घरपोच. सगळी मापं अक्कांनी पलंगावर बसून सांगितली आणि वेबसाइट बनवणाऱ्या मैथिलीनं शेजारी बसून टाइप केली. ही मैथिली रंकाळ्याजवळ राहणारी, घरूनच चार धंद्यांच्या वेबसाइट सांभाळणारी मुलगी. मांडीवर लॅपटॉप, नाकाला रुमाल, आणि अक्कांचा पट्टा चालू.

हे वेळेवर झालं म्हणायचं. कारण पुढं अक्कांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग मापं. ज्या आयांची ती मापं होती, त्यातल्या कितीतरी देवाघरी गेलेल्या. आता ती कुणाच्याच डोक्यात नव्हती, होती ती फक्त वेबसाइटवर. संयोगिता निर्धास्त होती. कॉम्प्युटरात एकदा गेलं म्हणजे कायमचं राहिलं, अशी तिची समजूत.

मैथिली तेवढी तिच्या डोक्याला ताप होती. दर महिन्याला हिचा मेसेज हजर. "वहिनी, अपडेट आलेत, साइट थोडा वेळ बंद ठेवावी लागेल. कधी करू?" पावसाळ्यात, दिवाळीनंतर संयोगितानं करू दिलं. पण मिरचीचा सीझन लागला आणि नवऱ्यानं, अमरसिंहनं, हात आडवा घातला.

"चालत्या डंकाला हात लावायचा न्हाय. अक्काचा नियम हाय. वेबसाइट चालतीया न्हवं? मग कशाला उचकायची?"

संयोगितालाही ते पटलं. तिनं मैथिलीला कळवलं, सीझन झाल्यावर बघू.

मैथिलीनं फोन केला. "वहिनी, तुमच्या ऑर्डरच्या पानाच्या दाराची कडी जुनी झालीय. ती कशी उघडायची ते चोरांना कळलंय. म्हणून तर बनवणाऱ्यांनी नवी पाठवलीय. आणि तो पासवर्डसुद्धा बदला हो."

पासवर्डचं तिचं खरं होतं. डंकावरचे सगळे मिळून एकच पासवर्ड वापरायचे: 'चांगभलं' आणि पुढं अमरसिंहच्या बुलेटचा नंबर. जोतिबाच्या नावानं सुरू केलेल्या धंद्याला दुसरा पासवर्ड शोभतो का, असा त्याचा सवाल. संयोगिता हसली, "बघू गं," म्हणाली आणि फोन ठेवून मिरची निवडायला लागली. या पोरीला दुसरं काम नाही का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

ऐन एप्रिलात, डंकावर बायकांची रांग लागलेली असताना पुण्याहून वर्षाराणीचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक, मूळची जयसिंगपूरची.

"वहिनी, तुमची वेबसाइट उघडली की पत्त्यांचा जुगार लागतोय. डंक सोडून क्लब काढला काय?"

संयोगितानं फोनवर उघडून बघितलं. खरंच, चटणीच्या फोटोच्या जागी नोटांच्या गड्ड्या आणि खिदळणाऱ्या बायका. तिनं तसाच मैथिलीला फोन लावला.

मैथिली स्कूटरवरून आली, मिरच्यांच्या पोत्यावरच लॅपटॉप उघडून बसली आणि सगळ्यात आधी तिनं साइट बंद केली. गिऱ्हाइकांचे पैसे बँकेच्या पानावरून जायचे, ते सुखरूप होते. मग ती एकेक पान उघडून तपासत गेली.

"मापं?" संयोगितानं विचारलं.

"इथली गेलीत, वहिनी. जुन्याच कडीतून शिरलेत. जाताना सगळी पुसून गेलेत."

संयोगिताला पुढचं ऐकायला थांबवेना. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. अक्का खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या; हातांना अजून सगळं येत होतं.

"अक्का, सरनाईकांचं माप काय वो? आठवतंय का?"

अक्कांनी वर बघितलं. "कोण सरनाईक?"

"लवंग कमी घालायची ती. बरं, जयसिंगपूरच्या वर्षाराणीच्या आईचं?"

अक्का लाजल्यासारख्या हसल्या आणि पुन्हा लसणाकडं वळल्या. संयोगिता दाराच्या चौकटीला टेकली आणि रडली. मेलेल्या आयांनी शेवटची ठेव म्हणून आपल्याकडं ठेवलेलं, आणि आपण ते जुन्या कडीच्या दाराआड ठेवून मिरच्या निवडत बसलो.

तिच्या मागोमाग मैथिली आत आली होती.

"वहिनी, अर्धंच ऐकून आलात. रविवारपर्यंतची प्रत आहे माझ्याकडे. सगळी मापं आहेत त्यात."

संयोगितानं पदरानं डोळे पुसले. "पण म्या तर तुला नको म्हणलेलं."

"अपडेटला नको म्हणालात. प्रत काढायला साइट बंद करावी लागत नाही. ती दर रविवारी काढायची हे अक्कांशी पहिल्याच दिवशी ठरलंय, आणि तुमच्या साइटपासून लांब, दुसऱ्या ठिकाणी ठेवायची हेही." ती अक्कांकडं बघून हसली. "मी सांगत होते तेव्हा अक्काच म्हणाल्या होत्या, विरजण शेजारणीकडंबी असावं, आपलं नासलं तर वाटी घेऊन जाता येतं. तुम्ही तेव्हा बाहेर डंकावर होतात."

संयोगितानं तिचे दोन्ही हात धरले. मिरचीनं माखलेल्या हातांनी धरले, त्यामुळे त्या पोरीचे हात संध्याकाळपर्यंत भगभगत राहिले, पण तिनं ते सोडवून घेतले नाहीत.

"आज प्रत परत बसवते," मैथिली म्हणाली. "पण साइट लगेच सुरू करता येणार नाही. सगळं साफ करून, अपडेट करून, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा करून मगच. उद्याचा दिवस बंद."

हे नेमकं दारात आलेल्या अमरसिंहनं ऐकलं. "उद्या? भर सीझनात? अगं, चालत्या डंकाला..."

"ए!" अक्का एकदम कडाडल्या. खोलीतले सगळे दचकले. कैक महिन्यांत हा आवाज कुणी ऐकला नव्हता. "चालत्या डंकाला हात लावायचा न्हाय म्हणलं म्या. डंक बंदच करायचा न्हाय असं कवा म्हणलं? रोज दुपारी कोण बंद करत हुतं? कोण उखळ झाडत हुतं? एकीची मिरची दुसरीच्या चटणीत गेली तर बायका तोंडात शेण घालतील की! बंद करायचा, झाडायचा, मग चालू करायचा. तू अर्धंच ऐकलास व्हय रं मुडद्या?"

अमरसिंह चाळिशी ओलांडलेला, पेठेत वजन असलेला माणूस. पण शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. डंक तो स्वतः रोज दुपारी बंद करून झाडत होता. वेबसाइटच्या बाबतीत मात्र त्याला नियमाचा सोयीचा अर्धा भागच आठवला होता.

"उद्या बंद ठेव बाई," तो मैथिलीला म्हणाला. "आन् त्या पासवर्डाचं काय ते सांग."

संयोगितानं सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज धाडला. आमच्या हयगयीनं चोर शिरले, तुमचे नंबर आणि पत्ते त्यांच्या हाती लागले असतील, आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका, मापं सुखरूप आहेत. लपवाछपवी तिनं केली नाही. बायका चिडतील अशी तिची तयारी होती, आणि दोघी-तिघी चिडल्याही. पण बाकीच्यांनी नुसतं त्या शेवटच्या ओळीखाली हात जोडले होते. वर्षाराणीनं लिहिलं, "आई गेली तेव्हा रडले नव्हते तेवढी आज रडले. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेबसाइट सुरू झाली. संयोगितानं एकेक माप उघडून बघितलं. सरनाईकांची लवंग कमीच होती. यापुढं दर महिन्याच्या अपडेटला, सीझन असो नसो, आदल्या दिवशी साइटवर 'उद्या बंद' अशी पाटी लावायची असं ठरलं. मैथिली निघाली, तेव्हा संयोगितानं तिला थांबवलं.

"तुझ्या घरचं माप सांग. या वर्षीची तुमची चटणी माझ्याकडनं."

मैथिली ओशाळली. "आमच्याकडे गोडा मसाला असतो, वहिनी. डंकावरचं आमचं मापच नाही."

"हिकडं ये," अक्का पलंगावरून म्हणाल्या. त्यांनी मैथिलीची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडं वळवला आणि जुन्या दिवसांत नव्या सुनेला न्याहाळायच्या तसं न्याहाळलं. "बेडगी जास्त घाला. संकेश्वरी नावाला. हिला तिखट सोसायचं न्हाय, पण रंग पायजे. खोबरं दुप्पट. तीळ घाला, पोरगी वाळलीया."

अक्कांनी नवं माप बांधून कैक वर्षं झाली होती. पुन्हा बांधतील असं घरात कुणाला वाटलंही नव्हतं. संयोगिता भरल्या डोळ्यांनी बघत राहिली. मैथिलीनं खाली बसून लॅपटॉप उघडला, सरनाईकांच्या आणि वर्षाराणीच्या आईच्या रांगेत आपलं नाव घातलं आणि अक्का सांगतील तसं टाइप करत गेली.

"झालं?" अक्कांनी विचारलं.

"झालं."

"मग आता तुजंबी घर हितं आलं. नीट जप."

मैथिली मान हलवून उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन खाली बसली. रविवार यायला अजून अवकाश होता, पण तिनं तिथंच बसून प्रत काढली.